माहेरच्या घराचा भाव

अण्णांचा निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. निरोप आणणारा माणूस निर्ण्याचा तेली होता, हुलसूरच्या बाजाराला आलेला. ओसरीवर टेकला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "तुमच्या इवायानं घर विकायला काढलंय. तुम्हाला घ्यायचं असंल तर आधी तुम्ही बघा म्हणलेत. मग दुसऱ्याला दाखवतो म्हणलेत." दिवसभर घाण्याच्या कुरकुरीवर बोलून त्याचा आवाज मोठा झालेला. गल्लीतल्या दोन घरांना तरी ऐकू गेलं असेल. मी पदर पुढं ओढला आणि भाकरी तव्यावर टाकताना दुमडली.

इवाई म्हणजे व्याही, माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणायची.

घर विकायला काढलं, हे शब्द तेव्हा आमच्या भागात कसे ऐकू येत, ते आज सांगून कळायचं नाही. निजामाचं राज्य होतं, माणसं पिढ्यान् पिढ्या एका गावात राहायची. शेत विकलं तर लोक म्हणत, अडचण असेल. बैल विकला तर काहीच म्हणत नसत. पण घर विकलं म्हणजे माणूस चुलीसकट गावातून उठला. आणि मी त्या उठलेल्या माणसाची मुलगी, सासरच्या स्वयंपाकघरात बसून ते ऐकत होते.

अण्णांना मुलगा नव्हता. आई मी लहान असतानाच गेली. निर्ण्याच्या बाजारगल्लीत घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कापडाचं छोटं दुकान होतं. दोन वर्षांपासून गुडघे धरले होते, ठाणं वर-खाली करवत नव्हती. कडगंचीला त्यांच्या भावाचा मुलगा होता, तो या म्हणत होता. लेकीकडं जाणं त्यांच्या मनातसुद्धा आलं नसेल. मग घर ठेवून काय करायचं?

माझे सासरे, त्यांना आम्ही सुना मामाजी म्हणायचो, हुलसूरला डाळीदाण्याचा व्यापार करायचे. त्यांना तिघांतल्या सगळ्यात धाकट्या मुलासाठी, म्हणजे माझ्या दिरासाठी, दुसऱ्या गावात दुकान काढून द्यायचंच होतं. "तिघं भाऊ एका तराजूपुढं भांडायच्या आत वेगळे केलेले बरे," असं ते म्हणत. निर्ण्याची बाजारगल्ली त्यांना ठाऊक होती. तेली गेल्यावर ते थोडा वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "घेऊ."

सासूबाईंना ते पटलं नाही. "एकुलती एक लेक हाय त्यांची. आज न्हाई उद्या घर हिचंच. इकत कामून घ्यायचं?"

"म्हंजे सुनेच्या बापाच्या मरणाची वाट बघत बसू?" मामाजी म्हणाले. "आपुन व्यापारी माणसं. घेतलं तर भाव देऊन घेऊ. फुकटचं न्हाई, नि गरजू हाय म्हणून पाडूनबी न्हाई."

मी दाराआड होते. सासूबाईंच्या बोलण्याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर मामाजींच्या चांगुलपणाचीही वाटली. आपल्या बापाबद्दल कुणाला चांगुलपणानं बोलावं लागावं, ही पाळी आली होती.

भाव देऊन घ्यायचं ठरलं, पण भाव कुणाला ठाऊक होता? मामाजी मूठभर तूर हातावर घेऊन, नुसती फुंकर मारून तिचा भाव सांगत. घराचं मात्र त्यांना काहीच कळेना. हुलसुरात चार म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, "मी जन्मात घर इकलेलं बघितलं न्हाई. बांधलेलं बघितलं, पडलेलं बघितलं." शेवटी त्यांनी ओळखीचा एक गवंडी बरोबर घ्यायचं ठरवलं. मामाजी, माझे मालक, दीर, गवंडी आणि मी, असे दमणीतून निघालो. मला नेलं, कारण अण्णांच्या घरी बाई नव्हती आणि पाहुण्यांना रांधून कोण घालणार? माहेरी जायचं म्हणून एरवी मी आदल्या दिवसापासून उडत असे. ह्या वेळी मी माहेरी चालले होते ती गिऱ्हाइकांची स्वयंपाकीण म्हणून.

वाटेत हुमनाबादेजवळ मुक्काम पडला. बैल सोडून माणसं झाडाखाली बसली तेव्हा भावाचंच बोलणं चाललं. मामाजींनी निर्ण्याची माहिती काढली होती. त्या गावात आठवणीतली घरविक्री दोनदाच झालेली. एकदा दोन भावांचं हाडवैर झालं आणि मोठ्यानं धाकट्याचा अर्धा भाग घेतला, तोंडावर फेकावा तसा पैसा टाकून. दुसऱ्यांदा प्लेगात एक घर रिकामं झालं. त्यात राहायला कुणी तयार होईना, तेव्हा एका माणसानं नुसत्या लाकडाच्या भावात ते घेतलं आणि तुळया काढून नेल्या.

"एका घराला रागाचा भाव आला, दुसऱ्याला भीतीचा," मामाजी म्हणाले. "आपल्याला घराचा भाव पाहिजे. तो कुणाकडून इचारावा?"

गवंडी म्हणाला, "सोपं हाय की. आज तसलं घर नवं बांधायचं म्हणलं तर दगड, लाकूड, मजुरी काय लागंल ते धरू. जुनं किती झालंय बघून तेवढं वजा करू. जागेचं वर घालू."

"आणि त्यानं इकायला काढल्यावर दुसरा घेणाराच आला न्हाई तर? मग ते गणित कुणाच्या कामाचं?"

"मग तुमीच एकले गिऱ्हाईक. तुमी म्हणाल तो भाव."

"तेच तर नको हाय मला," मामाजी म्हणाले.

मी पाठमोरी बसून शिदोरी सोडत होते. ते माझ्या बापाला फसवणार नाहीत हे मला कळत होतं. तरी वाटत होतं, ह्या गाडीतून उतरावं आणि शेतातून कुठंतरी चालत सुटावं.

अण्णा दारात उभे होते. धुतलेलं धोतर, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. घराला नवा चुना दिलेला होता. सणासुदीलासुद्धा आमच्या घराला पुढच्या अंगालाच चुना लागायचा. ह्या वेळी बाजूच्या भिंतीही पांढऱ्या. मी वाकून नमस्कार केला. "वाळलीस गं," ते म्हणाले, आणि लगेच मामाजींकडे वळले, "या इवाई, आत या. घर तुमचंच हाय." नेहमीचंच बोलणं, पण त्या दिवशी ते ऐकून सगळेच थोडे चपापले.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि उंबऱ्यावरच थांबले. उतरंड जागेवर नव्हती.

मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, अशी आईची उतरंड चुलीच्या डाव्या हाताला असायची. तिच्या पाठीमागं मी भावल्या लपवायची, म्हणून ती जागा मला डोळे मिटून सांगता आली असती. आता ती मागच्या भिंतीला, मधोमध उभी होती. एक नव्हे, दोन. अडगळीतली जुनी मडकी काढून अण्णांनी शेजारी दुसरी रचली होती.

तिथं काय होतं ते मला ठाऊक होतं. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मागच्या भिंतीचा पाया त्या जमिनीत कच्चा बसलेला. दरवर्षी पाऊस संपला की त्या भिंतीला जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत तडा जाई, माझी बोटं आत जातील एवढा. दसरा झाला की अण्णा भुसा घालून माती मळायला घेत. मी तुडवायची, ते तड्यात भरायचे. वरून शेणमातीचा हात दिला की वर्षभर बघायला नको.

मी मनाशी म्हटलं, एकट्या माणसाचं घर, सोयीसाठी हलवली असेल. असं म्हटलं आणि हुग्गीला, म्हणजे खिरीला, गहू शिजत घातले.

जेवणं झाल्यावर माणसं घर बघायला उठली. मी चूल सारवत होते. घर बघणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. गवंड्यानं माळवदाच्या तुळया मोजल्या, खांबांना नख लावून कीड बघितली, थापीच्या मुठीनं भिंती ठोकल्या. न्हाणीत जाऊन पाणी कुठं वाहतं ते बघितलं. दिरांनी भिंतीतल्या देवळीत हात घालून चाचपलं. आईचा कुंकवाचा करंडा त्या देवळीत असायचा, अजून होता. तो त्यांनी अलगद उचलून अण्णांच्या हातात दिला आणि म्हणाले, "ही बुजवून फळ्या ठोकल्या तर मिठा-मसाल्याला चांगली जागा हुईल." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. दुकान टाकणारा माणूस तसंच बघणार. अण्णा करंडा हातात धरून त्यांच्या मागं मागं फिरत होते. तो कुठं ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं.

मागच्या परसदाराशी शेजारच्या तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक माझ्या आईची मैत्रीण. "किती देयलेत गं?" तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली आणि आत वळले.

स्वयंपाकघरात आल्यावर गवंड्यानं मागच्या भिंतीवर, उतरंडीच्या वरच्या अंगाला, दोनदा थापी मारली. "बरी हाय," म्हणाला. मी श्वास सोडला. कुणासाठी सोडला, ते तेव्हा कळलं नाही.

मग सगळे ओसरीवर बसले. गवंड्यानं हिशेब मांडला, तोही रुपयांत नाही. गावाकडं मोठी रक्कम कळायची ती बैलजोडीच्या मापानं. आज असलं घर बांधायचं तर पाच चांगल्या बैलजोड्यांचा पैसा लागेल, तो म्हणाला. लाकूड सागाचं आणि निरोगी, ते जुनं झालं म्हणून उतरत नाही. माळवदाची माती बदलावी लागेल. बाजारगल्लीची जागा, तिचं वर. सगळं धरून चार जोड्यांच्या आसपास जावं.

"भिंतींचं काय?" मामाजींनी विचारलं. "इवाई, तुमच्या तोंडून ऐकतो. घराला काई खोड?"

अण्णा म्हणाले, "न्हाई. माझ्या बापानं बांधलेलं घर. खोड न्हाई."

मी दाराच्या आत, चौकटीला टेकून उभी होते. माझ्या अण्णांनी कापडाच्या दुकानात आयुष्यभर गिऱ्हाइकाला ठाणातली विरलेली जागा स्वतः उलगडून दाखवली होती. ते खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. लाज वाटली ती त्यांची, आणि लगेच त्यांची लाज वाटल्याची.

दीर उत्साहात होते. वडिलांना म्हणाले, "मग अप्पा, मागच्या खोलीत त्या भिंतीला लागून तुरीची पोती रचू. छतापर्यंत जातील. वाणसामान पुढं, नि आम्ही दोघं मधल्या खोलीत." दिरांच्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते. ती तिकडं हुलसुरात, नव्या घराच्या आशेवर होती.

मामाजींनी मान डोलावली. मग ते दाराकडे वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "बाई, तू ह्या घरात वाढलीस. ह्याच्या भिंती तुला ठाऊक. तू दोन्हीकडची हायस. तू सांग, चार जोड्या वाजवी हाईत का? तू म्हणशील ते मी धरतो."

सासऱ्यांनी चार पुरुषांत सुनेला असं विचारणं तेव्हा मोठ्या मानाचं होतं. माझे मालक चकित होऊन बघायला लागले. अण्णा बघत नव्हते. ते हातातल्या करंड्याकडे बघत होते.

मला पोती दिसत होती. छतापर्यंत रचलेली, त्या भिंतीवर रेललेली. आणि पलीकडच्या खोलीत बाळंतीण. दुसरं काही मी ठरवलं नाही, तोललं नाही. लोक पुढं म्हणाले की मी सत्याला जागले. सत्याबित्याचं माझ्या मनात काही आलं नव्हतं. मी म्हणाले, "पोती तिथं रचू नगासा. उतरंडीच्या मागं भिंत तडकलीय."

परसदारातल्या बायकांची कुजबुज थांबली.

अण्णा उठले. करंडा त्यांनी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला, आत गेले आणि उतरंड उतरवू लागले. वरचं लहान मडकं, मग त्याखालचं. माझे मालक मदतीला धावले, तर म्हणाले, "राहू द्या जावई. म्याच रचली, म्याच काढतो." एकात चिंच होती, एकात जुने वाल, बाकीची रिकामी. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून, उठून, त्यांनी दोन्ही उतरंडी खाली केल्या आणि आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. भिंतीवर माणसाच्या उंचीएवढा मातीचा पट्टा होता, अजून ओलसर, चुन्याच्या खाली गडद दिसणारा. गवंड्यानं अंगठा दाबला. माती आत गेली. त्याचंही तोंड उतरलं. त्यानं त्याच्याच जरा वर तर थापी मारली होती.

"काळ्या जमिनीत कुणाची भिंत तडकत न्हाई?" मामाजी म्हणाले. "आमचीबी तडकती."

"तुमी इचारलं नि म्या खोटं बोललो," अण्णा म्हणाले. "भिंतीचं वायलं, ह्याचं वायलं."

परत ओसरीवर बसले तेव्हा दारात अजून माणसं जमली होती. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मामाजींच्या हातावर टाकलं. हुमनाबादच्या जनावरांच्या बाजारात दलाल करतात तसं. कापडाखाली बोटं धरून भाव सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. लोकांपासून आब राखायला त्यांनी ते केलं असेल. पण माझ्या माहेरच्या घराचा सौदा बैलासारखा कापडाखाली चालला आहे, हे बघून मला जमिनीत जावंसं झालं.

उपरण्याखाली हात हलत होते. मामाजींनी मान हलवली, नाही. अण्णांनी हलवली, नाही. परत बोटं. परत नाही. ऐकू आलं ते एवढंच, "हालीच ना?" आणि "व्हय, हाली. कलदार कुठनं आणू?" निजामाचा रुपया तो हाली आणि इंग्रजांचा कलदार, कलदार जास्त किमतीचा, म्हणून सौद्यात ते आधी विचारून घ्यायचे. मला वाटलं, मामाजी भाव पाडतायत आणि अण्णा वाढवून मागतायत. उलटं चाललं होतं, ते मला मालकांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. अण्णा एकेक बोट मिटवत होते आणि मामाजी ते उघडत होते.

शेवटी मामाजींनी उपरणं बाजूला केलं आणि उघड बोलले. "इवाई, भिंतीचं वजा करा. नवी उभी करायला काय लागंल ते गवंडी सांगंल, तेवढं वजा करा. लाजेचं वजा करू नगासा. लाजेला भाव न्हाई. तिचे पैसे म्या खाल्ले तर मला पचायचे न्हाईत."

अण्णांनी हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी परसात भांडी घासत होते, तेव्हा ते येऊन आडाच्या कट्ट्यावर बसले. मी मान वर केली नाही.

"पैशासाठी न्हाई केलं," ते म्हणाले. "तुझं लगीन ठरायच्या टायमाला तुझे सासरे आलते ना, तवा म्या म्हणलं होतं, माझ्या बापाचं घर हाय, शंभर वर्सं हलणार न्हाई. त्यांच्यापुढं ते उघडं पडायलंय, ते बघवंना."

"अण्णा, पोती..." एवढंच मी म्हणाले.

"व्हय. पोती. ती भिंत बसली असती. तू बरोबर बोललीस."

त्यांनी रागावायला हवं होतं. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. "बरोबर बोललीस" याच्यावर रडता येत नाही.

खरेदीखत हुमनाबादेच्या कचेरीत झालं. मालक बरोबर होते, त्यांनी सांगितलं. लिहिणारा मुन्शी उर्दूत बैनामा लिहून वाचून दाखवत होता, अमुक दिशेला रस्ता, तमुक दिशेला अमक्याचं घर. अण्णा म्हणाले, "मागची भिंत तडकलेली हाय, ते लिहा." मुन्शी हसला. असं कुणी लिहून घेत नाही, घेणाऱ्याला माहीत आहे ना, बस झालं. अण्णा ऐकेनात. शेवटी मुन्शीनं एक ओळ घातली तेव्हा त्यांनी खाली सही केली. मालकांना त्याचं कौतुक वाटलं होतं. मी ते ऐकून घेतलं आणि कपडे वाळत घालायला माळवदावर गेले.

ह्यानंतर माझं सासरी बरं झालं. ते सांगायला आजही जड जातं. मामाजींनी कोठीच्या किल्ल्या सासूबाईंना विचारून माझ्या कमरेला दिल्या. गुळाची ढेप फोडायची असो की पाहुण्याच्या हाती पैसे द्यायचे असोत, "मधलीला इचारा" म्हणू लागले. मोठी जाऊ, तिला आम्ही अक्का म्हणायचो, ती एकदा पाणी भरताना म्हणाली, "तुझ्या बापाची झाकली मूठ उघडलीस, तवा तुला किल्ली घावली." ती चिडून बोलली, पण ते चूक होतं असं मला म्हणता आलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे मामाजींना त्या गोष्टीचा अभिमान होता. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत. आडत्याला, जंगम अय्यांना, सोयरीक जमवायला आलेल्यांना. "आमची मधली सून. बाप समोर बसलेला, नि मी इचारलं..." मी आत असायची. त्यांनी बापाचं नाव कधी वाईट घेतलं नाही. ते माझीच थोरवी सांगत. पण माझी थोरवी सांगायची तर अण्णांचं खोटं आधी सांगावंच लागे. ऐकणारे वाहवा करत, आणि मी ताटं घेऊन बाहेर गेले की माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की ताट तिथंच ठेवून पळावंसं वाटे.

मला पहिली मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझं सासरीच झालं, कारण माहेर म्हणून जायला आता घर नव्हतं. पाळण्याला अण्णा कडगंचीहून आले. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही, असं आमच्याकडं होतं, म्हणून त्या दिवशी ते माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला बसणार होते. मी बाळंतिणीच्या खोलीतून दाराच्या फटीतून बघत होते. पंगत बसली. अण्णांच्या पानात अक्कानं हुग्गी वाढली. त्यांनी पहिला घास घेतला.

आणि पंगतीतला कुणी एक सोयरा मामाजींना म्हणाला, "तुमची मधली सून लई सरळ म्हणं?"

मामाजींच्या ध्यानात आलं नाही. सवयीनं त्यांनी सुरुवात केली. "निर्ण्याला घर बघायला गेलतो आम्ही. भाव कसा धरावा कुणाला कळंना. म्या इचारलं, खोड हाय का..." इथं त्यांची नजर समोर गेली. समोर अण्णा बसले होते. मामाजी थांबले. घास हातातच राहिला.

माझ्या मांडीवरचं पोर झोपलेलं होतं, तिला मी घट्ट धरलं.

अण्णांनी तोंडातला घास गिळला. "सांगा की, इवाई. मधीच कामून थांबलासा?" मग ते स्वतःच पंगतीकडं बघून सांगायला लागले. "ह्यांनी इचारलं खोड हाय का, नि म्या म्हणलं न्हाई. तिथंच उतरंड रचून ठेवलेली, एक न्हाई, दोन! गवंडी भिंत ठोकायलाय, म्हणायलाय बरी हाय. मी मनात म्हणलं, जमलं. नि ही आमची बया दारातनं म्हणती, मागं तडा हाय." त्यांनी गवंड्याचा चेहरा करून दाखवला. आधी एकजण हसला, मग दोघं, मग सगळी पंगत. "तवा इवाई म्हणले, लाजेला भाव न्हाई. म्या म्हणलं, मग माझं तर सगळं घरच फुकटात जायाचं!"

लोक पोट धरून हसले. अण्णाही हसत होते. मला दिसत होतं, त्यांनी डाव्या हातानं पानाची कड घट्ट धरून ठेवली होती. पण ते उठले नाहीत. पूर्ण जेवले. दुसऱ्यांदा हुग्गी मागून घेतली.

संध्याकाळच्या आधी मामाजी बाळंतिणीच्या खोलीच्या दारापर्यंत आले. तिथं पुरुषमाणूस येत नाही; ते बाहेरच भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "बाई," म्हणाले, "ती गोष्ट आता माझ्या तोंडनं निघायची न्हाई. मला कळायला पाहिजे होतं." मी आतून "व्हय" म्हणाले. त्यांनी शब्द पाळला.

अण्णा दोन दिवस राहिले. जायच्या सकाळी त्यांनी नातीला उचलून घेतलं आणि ओसरीभर फिरवलं. मी दाराशी येऊन उभी राहिले. मला काहीतरी बोलायचं होतं. एवढ्या दिवसांचं साचलेलं. तोंडातून आलं ते एवढंच, "अण्णा, कडगंचीला जेवायखायचं बरं हाय का?"

"हाय की. बायको चांगली हाय त्याची. भाकरी जाड करती, बाकी काई न्हाई." पोर माझ्याकडं देताना ते म्हणाले, "आता हिच्या कानाला भोकं पाडायच्या टायमाला येतो. निरोप धाड."

"धाडते."

"तेल्याच्या हाती नगं धाडू," ते म्हणाले. "लई मोठ्यानं बोलतो." आणि दमणीत बसले.

ते कान टोचायला आले. नंतरही दोनदा आले. निजामाचं राज्य जायच्या आदल्या हिवाळ्यात कडगंचीला वारले. तोपर्यंत आमच्यात त्या दिवसाचा शब्द परत निघाला नाही. त्यांच्याकडून तो पंगतीतच संपला असावा. माझ्याकडून संपला नाही. अजूनही कुणी मला "तुम्ही फार सरळ बाई" असं तोंडावर म्हणालं, की मी काही तरी काम काढून उठून आत जाते.